ऑडी क्यू७ ठाण्यात रोज वापरायची तर

क्यू७ घरी आल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत सगळे एकच विचारतात, एवढी मोठी गाडी ठाण्यात वापरता तरी येते का गं, आणि मी सगळ्यांना तेच सांगते, येते, रोज येते, फक्त बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये जा. खरंच जा. गाडीची लांबी ५०७२ मिलिमीटर आहे म्हणजे पाच मीटरच्या वर, रुंदी आरसे सोडून १९७० मिलिमीटर, आणि वजन दोन टनांच्या पुढे. आता आपल्याकडे घोडबंदरच्या बाजूला जी नवीन कॉम्प्लेक्सं झालीत त्यात निम्मं पार्किंग स्टॅकचं, म्हणजे यंत्राने एकावर एक गाड्या ठेवायचं, असतं, आमच्याकडे स्टॅकच्या खांबावर चक्क पाटी आहे, कमाल वजन २००० किलो. म्हणजे आपल्या हक्काच्या जागेवर ही गाडी चढवायचीच नाही, विषय संपला. दादाने बुकिंगच्या आधीच सोसायटीतल्या एका काकांशी बोलून जागेची अदलाबदल करून घेतली, आमची स्टॅकची जागा त्यांच्या छोट्या गाडीला आणि त्यांची पोडियमवरची जागा आम्हाला, कमिटीकडून लेखी करून घेतलं. ती जागाही दोन खांबांच्या मधली, तिथे गाडी लावली की एका बाजूचं दार जेमतेम वीतभर उघडतं, त्यामुळे आई-बाबांना लिफ्टपाशी उतरवायचं आणि मग गाडी लावायची असं ठरूनच गेलंय. ३६० डिग्री कॅमेरा आहे, आणि तो इतका स्वच्छ दिसतो की खांबाचा पिवळा-काळा पट्टा आणि बंपर यांच्यात किती जागा उरलीय ते नीट कळतं. त्या कॅमेऱ्याशिवाय ही गाडी आमच्या बेसमेंटच्या वळणावर रोज नेणं मला तरी जड गेलं असतं.

गाडी दादाच्या नावावर आहे पण चालवतो आम्ही दोघंही, तो ऑफिसला नेतो आणि शनिवार-रविवार बहुतेक माझ्या हातात असते. घरात आम्ही सात जण, आई-बाबा, दादा-वहिनी, दोन भाचरं आणि मी, आणि सात सीटची गाडी का हवी याचं उत्तर तेवढंच आहे. दोन गाड्या काढून गावाला जायचा सगळ्यांना कंटाळा आला होता.

किमतीचं आधी बोलून टाकू. सध्याची फेसलिफ्ट क्यू७ भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हा तिच्या दोन व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत होती, ८८.६६ लाख प्रीमियम प्लसला आणि ९७.८१ लाख टेक्नॉलॉजीला. आमची टेक्नॉलॉजी. नंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, मोठ्या एसयूव्हींवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस असा ५० टक्के बसायचा तो सरळ ४० टक्के झाला, त्यामुळे आता शोरूममध्ये गेलात तर ताजा आकडा विचारा, लॉन्चचा आकडा डोक्यात धरून बसू नका. पण खरा धक्का ऑन-रोडला बसतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे लॉन्चच्या किमतीवर टेक्नॉलॉजीचा नुसता टॅक्सच पावणेतेरा लाखांच्या आसपास, आणि कोणी सीए सुचवेल की कंपनीच्या नावावर घ्या तर तिथे सरळ २० टक्के लागतो, एकोणीस-साडेएकोणीस लाख, त्यामुळे ते गणित दोन्ही बाजूंनी मांडून बघा, कंपनीला डेप्रिसिएशनवर, म्हणजे गाडीच्या घसाऱ्यावर, मिळणारी करसवलत नुसती बघून निर्णय घेऊ नका. वर १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात, तो रिटर्नमध्ये परत मागता येतो, पण बरेच जण ते विसरतात. इन्शुरन्समध्ये झिरो डेप (क्लेमच्या वेळी सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) सगळेच घेतात, मी म्हणेन इंजिन प्रोटेक्ट आणि टायर कव्हर सोडू नका. ठाण्यात पावसाळ्यात वंदना टॉकीजपाशी किती पाणी तुंबतं ते आपल्याला माहितीय, आणि टायरचं पुढे सांगतेच.

एक गोष्ट मला मनापासून आवडते, ही गाडी आपल्या महाराष्ट्रात जोडली जाते, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. बॅज जर्मन असला तरी शेवटचे बोल्ट आपल्याकडच्या पोरांनी आवळलेत, बाबांनी तर शेजारपाजारच्या सगळ्यांना हे सांगून झालंय.

आता मुख्य विषय, चालते कशी. लोक आधी हॉर्सपॉवर विचारतात, पण ठाण्यात राहणाऱ्या माणसाने आधी सस्पेन्शन विचारावं असं माझं ठाम मत आहे. मेट्रो ४ च्या कामाने गेली काही वर्षं घोडबंदर रोडची जी अवस्था आहे, बॅरिकेड, मध्येच डांबर, मध्येच पेव्हर ब्लॉक, मध्येच नुसती खडी, आणि पुढे गायमुख घाटात पाऊस पडला की खड्ड्यात रस्ता की रस्त्यात खड्डा कळत नाही. तिथे या गाडीचं एअर सस्पेन्शन कामाला येतं. स्प्रिंगच्या जागी हवेचे बेलो आहेत, कॉम्प्रेसर त्यात हवा कमी-जास्त करतो, गाडीत दोन माणसं असोत की सात आणि मागे सामान, गाडी मागून बसत नाही, सपाट राहते. कम्फर्ट मोडमध्ये पेव्हर ब्लॉकचा तो सतत खडखड येणारा भाग ही गाडी जवळजवळ पुसून टाकते. आधीच्या गाडीत कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत आई एका हाताने वरचं हँडल धरून बसायची, या गाडीत ती मोबाईलवर भजन लावून डोळे मिटते. मला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको.

पण सगळंच पुसलं जातं असं नाही हं. २० इंची चाकं आहेत, टायर २८५/४५, आणि धारदार कडेचा खड्डा, म्हणजे ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा खाली गेलेलं असतं तसा, त्यात चाक पडलं की आतपर्यंत धप्प असा आवाज येतो आणि स्टिअरिंगला कळतं. सावकाश गेलात तर काही नाही, वेगात गेलात तर रिम आणि टायर दोन्हीची काळजी. एक टायर पाच आकड्यांत जातो, म्हणून टायर कव्हर म्हटलं. दिसायला चाकं सुंदर आहेत, मान्य, पण आपल्या रस्त्यांसाठी मला १९ इंच आणि जरा जाड रबर चाललं असतं, नव्हे, जास्त आवडलं असतं.

लिफ्ट मोडचा उपयोग मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा फार जास्त होतो. बटण दाबलं की गाडी नेहमीच्या उंचीपेक्षा ६० मिलिमीटरपर्यंत वर जाते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जवळपास तीन मीटर असल्यामुळे उंच स्पीडब्रेकरवर पोट घासायची भीती असते, येऊरकडे जाताना काही गतिरोधक असे आहेत की साध्या सेडानवाल्यांनी देवाचं नाव घ्यावं, तिथे आम्ही आधी उंची वाढवून घेतो आणि तिरकं न जाता सरळ पार. उंची वाढवलेली असताना गाडी जरा टणक लागते आणि वेग वाढला की आपोआप खाली येते, तेव्हा खराब पट्टा संपला की परत कम्फर्ट. डिकीतही एक बटण आहे, ते दाबलं की मागचा भाग खाली बसतो, सामान चढवायला. आंब्याच्या पेट्या आणि तांदळाचं पोतं चढवताना या बटणाची किंमत कळते, फीचरच्या यादीत हे कोणी वाचतही नाही.

इंजिन. ३.० लिटर व्ही६ टर्बो पेट्रोल, ३४० पीएस, ५०० न्यूटन-मीटर, ८ स्पीड ऑटोमॅटिक, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद. कंपनी म्हणते ० ते १०० ला ५.६ सेकंद, मी घड्याळ लावून मोजलेलं नाही आणि मोजायची गरजही वाटत नाही, कारण पाम बीच रोडला ६० ची मर्यादा आहे आणि अटल सेतूवर १००, तिथे कॅमेरे आहेत, चलान घरपोच येतं. पण या ताकदीचा खरा फायदा वेगळा आहे. ५०० न्यूटन-मीटरचा टॉर्क १३७० आरपीएमपासूनच मिळायला लागतो म्हणजे इंजिन जेमतेम जागं झालेलं असतानाच सगळी ताकद हजर, त्यामुळे सात माणसं भरून बोरघाट चढताना इंजिन ओरडत नाही, गिअर सारखे खाली-वर होत नाहीत, ट्रकच्या मागून बाहेर काढायला पाय नुसता टेकवायचा. आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही की आपण ओव्हरटेक केलं. सहा सिलिंडरचं पेट्रोल असल्याने व्हायब्रेशन नाहीच, सिग्नलला गाडी चालू आहे की बंद ते आरपीएमच्या काट्यावरूनच बघावं लागतं, आणि बऱ्याचदा ती खरंच बंद असते, कारण ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड सिस्टीम आहे, सिग्नलला यायच्या आधीच वेग कमी होत असताना इंजिन बंद करते आणि ब्रेक सोडला की झटका न देता चालू. ५५ ते १६० च्या वेगात पाय काढून घेतला तर इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत जाऊ शकते, ठाणे-बेलापूर रोडला ऐरोलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की हे होताना दिसतं.

एवढं असून मायलेज काय, तर ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला ६-७ किलोमीटर, हायवेला एका लयीत १०० धरून चाललं तर ११ च्या आसपास. पेट्रोल शंभरच्या वर आहे, हिशोब ज्याचा त्याने करावा. डिझेल हवं असेल तर इथे ते नाही, ऑडीने भारतात एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलंय. ज्यांच्याकडे जुनी ३.० टीडीआय क्यू७ होती ते अजून तिची आठवण काढतात आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर पडत असतील तर पेट्रोलचं बिल टोचणारच. आमचं रनिंग कमी म्हणून चालून जातं.

आता बसायची जागा, आणि माझ्या मते या गाडीचे पैसे इथे वसूल होतात. मधल्या रांगेत एक सलग बाक नाही, तीन वेगवेगळ्या सीट आहेत, प्रत्येक सीट पुढे-मागे सरकते आणि पाठ मागे कलते, मधली सीटसुद्धा. म्हणजे बाबांना पाय लांब करायचे असतात ते त्यांची सीट पूर्ण मागे घेतात, शेजारी भाचीची चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे सीटमधल्या खास हुकांना, लावलेली असते ती पुढे ओढून घेतलेली, वहिनी पुढून हात मागे करून तिला बिस्किट देऊ शकते. एसीला चार झोन आहेत, मागे बसणारे आपलं तापमान आपण ठरवतात. आमच्याकडे बाबांना पंचवीस लागतं आणि दादाला एकवीस, आधी दर प्रवासात यावरून वाद व्हायचा, तो बंद झाला. आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे, तिला चढायला गाडी जरा उंच पडते, म्हणून आम्ही बाजूला फूटबोर्ड लावून घेतला, आता ती कोणाचा हात न धरता चढते. घरात वयस्कर माणसं असतील तर हे डिलिव्हरीच्या वेळीच करून घ्या.

तिसरी रांग. स्पष्ट सांगते, ती मुलांसाठी आहे. मी पाच फूट तीन इंच आहे, मी ठाण्याहून लोणावळ्यापर्यंत मागे बसले, जमलं, पण गुडघे वर येतात आणि मांडीखाली आधार नाही. सहा फुटी माणसाला तिथे बसवू नका, भांडण होईल. आत जायलाही मधली सीट दुमडून वाकून जावं लागतं, साडी नेसलेल्या बाईला ते अजिबात सोयीचं नाही. दादाचा मोठा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला ती जागा म्हणजे स्वतःची खोली वाटते. आणि तिसरी रांग उघडली की डिकीत उरतं काय, तर दोन केबिन बॅगा आणि एखादी जेवणाची पिशवी, बस्स. सात माणसं आणि चार दिवसांचं सामान एकत्र हवं असेल तर वर कॅरिअर लावावा लागेल. पाच माणसं असतील तर मग बटण दाबून इलेक्ट्रिकने तिसरी रांग खाली पाडायची, की एवढी मोठी डिकी होते की गणपतीची मूर्ती पाटासकट, मखरासकट मागे आरामात बसली, आणि एअर सस्पेन्शनमुळे घरापर्यंत बाप्पांना धक्कासुद्धा लागला नाही.

स्क्रीनबद्दल माझी तक्रार आहे आणि ती दर प्रवासात नव्याने होते. डॅशबोर्डवर दोन स्क्रीन, वरची १०.१ इंचाची नेव्हिगेशन-गाण्यांची, खालची ८.६ इंचाची एसीची, शिवाय स्टिअरिंगमागे १२.३ इंचाचा डिजिटल मीटर. दिसायला एक नंबर, काळ्या काचेत सगळं एकजीव, रात्री तर फारच सुंदर. पण एसीचं तापमान वाढवायचं तर खालच्या स्क्रीनकडे बघायलाच लागतं, बोट टेकवून चालत नाही, दाबावं लागतं, मग ती खट्ट असा प्रतिसाद देते. उभ्या गाडीत ठीक आहे. गायमुखला गाडी हलतेय, समोर टँकर, शेजारी टू-व्हीलर घुसतेय, अशा वेळी बोट दोनच्या जागी तीनवर पडतं आणि नजर रस्त्यावरून निघते. एक साधं गोल फिरणारं बटण हाताला न बघता सापडतं, ते काढून काच लावली याला मी सुधारणा म्हणणार नाही. शिवाय बोटांचे ठसे, आपल्या दमट हवेत ती काच दिवसातून एकदा पुसली नाही तर उन्हात सगळे ठसे चमकतात. आम्ही मायक्रोफायबरचं फडकं दाराच्या कप्प्यातच ठेवलंय.

दुसरी नाराजी, व्हेंटिलेटेड सीट नाहीत. एक कोटीच्या आसपासच्या गाडीत, मुंबई-ठाण्याच्या उकाड्यात, पाठीला गार हवा देणारी सीट नाही, आणि आज पंधरा-वीस लाखांच्या गाड्यांत ती येते. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल तर पहिली दहा मिनिटं शर्ट पाठीला चिकटतोच. एसी प्रचंड ताकदवान आहे, केबिन पटकन गार होते, पण सीटची पाठ ती पाठच. ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलही नाही, साधा क्रूझ आहे, म्हणजे पुढच्या गाडीचं अंतर बघून आपोआप वेग कमी करणारा नाही. शहरात त्याने काही बिघडत नाही, लांबच्या प्रवासाला उणीव जाणवते, आणि या किमतीत ती जाणवू नये असं मला वाटतं. जमेच्या बाजूला आठ एअरबॅग आहेत, पॅनोरॅमिक सनरूफ मुलांना प्रिय आहे, आणि बँग अँड ओलुफसेनची १९ स्पीकरची सिस्टीम, ७३० वॉट, तिच्यावर नाट्यसंगीत ऐकाच. बाबांनी त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह लावला, तबल्याच्या डग्ग्याची घुमार आणि वर तंबोऱ्याची जव्हारी वेगवेगळी ऐकू येत होती, ते घरी पोहोचले तरी गाडीतून उतरेनात.

लांबच्या प्रवासाचा खरा कस समृद्धीवर लागला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला आणि नागपूरपर्यंतचा अख्खा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, तेव्हापासून ठाणेकरांचं नशीबच बदललंय, माजिवडा-खारेगाव-माणकोलीची कोंडी एकदा पार करून आमण्याला पोहोचलं की पुढे कसारा घाट नाही, सिग्नल नाही. आम्ही शिर्डीला आणि पुढे संभाजीनगरला मावशीकडे गेलो. कार १२० ने न्यायची परवानगी आहे आणि क्यू७ त्या वेगाला इतकी शांत असते की पुढची सीट आणि तिसरी रांग यांच्यात आवाज न चढवता बोलता येतं, काँक्रीटच्या रस्त्यावर टायरचा जो घूंऽऽ आवाज असतो तो थोडा येतो, वाऱ्याचा जवळजवळ नाहीच. इगतपुरीचा तो जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यात ट्रकच्या बाजूने जाताना हलक्या गाड्या हवेने ढकलल्यासारख्या होतात, ही जागची हलली नाही. आणि हाच धोकाही आहे, वेग कळतच नाही. १२० ला ८० असल्यासारखं वाटतं, म्हणून मीटरवर लक्ष ठेवा आणि स्पीड वॉर्निंग लावून ठेवा. समृद्धीवर निघायच्या आधी टायरमधली हवा थंड असताना तपासा, सरळ काँक्रीटवर तासन्‌तास एका वेगाने टायर तापतात, सात माणसांच्या वजनाला दारावरच्या स्टिकरवर जे प्रेशर लिहिलंय तेवढंच भरा, पंपावरचा माणूस सांगेल तेवढं नाही.

परत येताना रात्र झाली होती आणि तेव्हा मॅट्रिक्स हेडलाइट काय चीज आहे ते कळलं. हाय बीम चालू ठेवायचा, समोरून गाडी आली की दिव्यातला तेवढाच तुकडा विझतो, बाकी रस्ता दोन्ही बाजूंनी उजळलेलाच, समोरच्याच्या डोळ्यावर प्रकाश नाही. रस्त्याकडेचा काळा भाग दिसतो, कडेला थांबलेला बिनदिव्याचा ट्रक लांबून दिसतो. रात्रीचा हायवे करणाऱ्यांनी टेक्नॉलॉजी ट्रिमचे वरचे पैसे का द्यायचे तर माझ्या मते या दिव्यांसाठी, बाकी फीचर नंतर.

दुसरं काय घेता आलं असतं? दादाने मर्सिडीज जीएलई बघितली होती, ती चाकणला जोडतात, मागची जागा ऐसपैस आणि डिझेल मिळतं, बीएमडब्ल्यू एक्स५ सुद्धा बघितली, ती चालवायला सगळ्यांत मजेशीर, डिझेलचं सहा सिलिंडर इंजिन अफलातून. पण या दोन्ही आपल्याकडे पाच सीटच्या, त्यामुळे सात जणांच्या घराला त्या पहिल्याच फेरीत बाद. राहिली व्होल्वो एक्ससी९०, सात सीट, एअर सस्पेन्शन, आणि ज्या ॲडॅप्टिव्ह क्रूझसाठी मी वर रडले तो आणि तसली बाकी एडीएएस, म्हणजे ड्रायव्हरला इलेक्ट्रॉनिक मदत, तिच्यात आहे, मार्च २०२५ मध्ये नवी आली तेव्हा किंमत १.०३ कोटीच्या घरात. तिच्या सीटसारख्या सीट नाहीत हे मी मान्य करते. पण इंजिन २ लिटर चार सिलिंडर, २५० पीएस, आणि एकदा क्यू७चं व्ही६ चालवून मग ती चालवली की भरलेल्या गाडीने चढ चढताना फरक ऐकू येतो. ज्यांना सुरक्षेची इलेक्ट्रॉनिक मदत आधी हवी त्यांनी व्होल्वो घ्यावी, मी कोणाला अडवणार नाही. ज्यांच्याकडे फक्त चार-पाच माणसं आहेत आणि ड्रायव्हर ठेवून मागे बसायचंय त्यांनी जीएलई. आमच्यासारखं भरलं घर, स्वतः चालवायची हौस आणि रोजचा घोडबंदर असेल त्यांना मी डोळे झाकून नाही, चांगले उघडे ठेवूनच क्यू७ सांगेन.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले एक ठरलेला गुळगुळीत रस्ता दाखवतात, त्यावर कुठलीही गाडी छानच लागते. तुम्ही आग्रह धरा की खराब रस्त्यावर न्यायचीय. घरातलं सगळ्यांत वयस्कर माणूस मधल्या रांगेत बसवा आणि उतरल्यावर त्यांना विचारा, स्वतः दहा मिनिटं तिसऱ्या रांगेत बसा, दुपारी कडक उन्हात जा म्हणजे सीटचं कळेल, आणि चालत्या गाडीत एसीचं तापमान बदलून बघा. जमलं तर संध्याकाळी उशिराची वेळ मागा, दिवे बघायला मिळतील. शोरूमला नाही म्हणायची सोय नसते हो, एक कोटीचं गिऱ्हाईक असतं, फक्त आपण मागायला लाजतो.